तुम्ही काय नाचता?

‘ओ बिना एंग?’ हा सेत्स्वाना भाषेतला प्रश्न शब्दशः घेतला तर ‘तू काय नाचतोस?’ असा होतो. विचारणाऱ्याला नाचाशी काही देणंघेणं नसतं, त्याला तुमचं कुळ हवं असतं. उत्तर एका प्राण्याच्या नावात द्यायचं. ‘मी मगर नाचतो’ म्हणणारा बाक्वेना असतो, नाहीतर त्यांच्यातूनच कधीकाळी फुटून गेलेला बांग्वाकेत्से. ‘फुती’ नावाचं लहानसं हरीण नाचणारे बामांग्वातो. बाखात्लांचं माकड, बामालेटेंचा रानरेडा, बात्लोक्वांचा वाळवी उकरून खाणारा आर्डवार्क. आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, खायचा नाही, काही घरांत तर त्याच्या कातड्याला हातही लावायचा नाही.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. देवक म्हटलं की झालं. फरक एवढाच की आपल्याकडे एक देवक असलं तर सोयरीक जमत नाही आणि त्स्वाना लोकांत तसली आडकाठी नाही. उलट, चुलतभावाशी लग्न केलं तर लग्नात दिलेली गुरं फिरून आपल्याच गोठ्यात येतात, अशी त्यांच्यात म्हणच आहे. हिशेब चोख आहे. मी गणिताची शिक्षिका, मला ती म्हण ऐकताक्षणी आवडली.

देश म्हणून एक प्राणी निवडायची वेळ आली तेव्हा बोत्स्वानाने झेब्रा निवडला. तो कोणत्याच मोठ्या कुळाचा नाही म्हणून निवडला, असं तिथे सगळे सांगतात. राष्ट्रचिन्हावर झेब्रे आहेत, फुटबॉल संघाचं नावही ‘झेब्रा’. निळ्या झेंड्याच्या मधोमध काळा पट्टा, त्याला दोन्हीकडून पांढरी किनार. काळे-गोरे एकत्र नांदतील हा त्याचा अर्थ. १९६६ साली, शेजारी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद ऐन भरात असताना आणि ऱ्होडेशियात मूठभर गोरे सत्ता बळकावून बसलेले असताना, हा झेंडा फडकवायला धाडस लागलं असणार.

मी २००३ ते २०१२ अशी नऊ वर्षं गाबोरोनेच्या एका सरकारी शाळेत शिकवलं. (तिथले लोक ‘ग’ घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळ नेऊन उच्चारतात. मी मराठीत रूढ आहे तसं लिहिते.) देश आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि २०२२च्या जनगणनेत माणसं मोजली तर साडेतेवीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. बाकी सगळं काटेरी झुडपं, वाळू, गुरं आणि आकाश. पावसाचं अप्रूप इतकं की चलनाचं नावच ‘पुला’, म्हणजे पाऊस. भाषण संपलं की लोक टाळ्यांबरोबर ‘पुला!’ असं ओरडतात.

अशा देशात विविधता ती किती असणार, असं कुणालाही वाटेल. देशाचं सरकारी उत्तरही बराच काळ तेच होतं. आपण सगळे बात्स्वाना, एक भाषा, एक लोक. आफ्रिकेतल्या दुसऱ्या देशांत जमातींच्या मारामाऱ्या झाल्या, आपल्याकडे झाल्या नाहीत, कारण आपण मुळात एकच आहोत. या वाक्यातलं शेवटचं कारण सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

ही भानगड समजायला सेत्स्वानाचं थोडं व्याकरण लागतं. शब्दाच्या शेपटीला काही जोडायची आपली सवय, तिथे सगळा खेळ डोक्याशी. ‘त्स्वाना’ या धातूला ‘मो’ लावला की एक माणूस, मोत्स्वाना. ‘बा’ लावला की अनेक माणसं, बात्स्वाना. ‘से’ लावला की त्यांची भाषा आणि रीतभात, ‘बो’ लावला की त्यांचा देश. पहिल्या आठवड्यात शिपाईदादांनी मला हे चार उपसर्ग खडूने फळ्यावर लिहून दिले होते. सुटसुटीत, सुंदर रचना. गोम अशी की ‘बात्स्वाना’ म्हणजे देशाचे सगळे नागरिक आणि ‘बात्स्वाना’ म्हणजे त्स्वाना वंशाचेच लोक, दोन्हींना शब्द एकच. त्यामुळे कालांगा माणूस पासपोर्टवर मोत्स्वाना असतो आणि गावातल्या भांडणात नसतो. कोण कोणत्या अर्थाने बोलतोय हे प्रसंगावरून ओळखायचं.

आणखी एक उपसर्ग आहे, ‘मा’. त्याने इतर कितीतरी साध्या शब्दांची अनेकवचनं होतात. ज्वारीला ‘माबेले’ म्हणतात, त्यात कसलाही अपमान नाही. (या ज्वारीचा ‘बोखोबे’ करतात, घट्ट शिजवलेला. पीठ आंबवून केला तर त्याला ‘टिंग’. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला थेट आमच्या गावची आंबील आठवली.) पण हाच ‘मा’ माणसांना लागला की त्यांना ओळीबाहेर उभं केल्यासारखं होतं. गोरे ‘माखोआ’. चिनी ‘माचाएना’. आपण ‘माइंडिया’. आणि देशातल्या देशात, कालांगांना चिडवायचं तर ‘माकालाका’, सान लोकांना ‘मासार्वा’. ‘मासार्वा’ची सरकारी कागदांत ‘बासार्वा’ अशी दुरुस्ती स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी झाली. एक अक्षर बदललं, तेवढ्याने माणूस माणसांच्या गणात आला. व्याकरणाच्या पुस्तकात याला नामांचे वर्ग म्हणतात. मला हा ‘वर्ग’ शब्द फार नेमका वाटतो.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर इतिहासाचे शिक्षक बसत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मोजकं बोलणारे. मी त्यांना ‘रा’ म्हणायची, ते मला ‘मा’ म्हणायचे. हा ‘मा’ वेगळा, आदराचा, आपल्या ‘बाई’सारखा, म्हणताना ओठ मिटून ‘म’ जरा लांबवायचा. राज्यघटनेचा धडा शिकवून आले की ते कधीकधी खुर्चीत बसून नुसते बोटांवर मोजत राहायचे. एकदा मी विचारलं, काय मोजता? म्हणाले, ‘आठ. अजून आठच आहेत.’

तो हिशेब असा होता. स्वातंत्र्याच्या वेळी लिहिलेल्या राज्यघटनेत प्रमुखांचं एक सभागृह आहे. त्यात कोण पदसिद्ध बसणार हे सांगणाऱ्या कलमांत आठ जमातींची नावं होती: बाखात्ला, बाक्वेना, बांग्वाकेत्से, बामालेटे, बारोलोंग, बामांग्वातो, बातावाना, बात्लोक्वा. आठही त्स्वाना. बाकीच्यांचे प्रमुख निवडून आले तर येणार, नाहीतर नाही. जमिनीही याच आठांच्या नावाने ओळखल्या जाणार. त्यातून बोलीभाषेत दोन शब्द रुळले, ‘मोठ्या जमाती’ आणि ‘छोट्या जमाती’. इथे मोठं-छोटं डोकी मोजून ठरलेलं नव्हतं. मानववंशशास्त्रज्ञ आयझॅक शापेरा यांनी १९४०च्या दशकात या जमातींची रचना तपासली, तेव्हा बामांग्वातोंच्या मुलखात मूळचे ग्वातो फार तर पाचवा हिस्सा भरले. उरलेले कालांगा, त्स्वापोंग, बिर्वा, सार्वा आणि आणखी कितीतरी. पाचवा हिस्सा ‘मोठी जमात’, आणि चार हिस्से मिळून ‘छोट्या’.

हे फक्त इंग्रजांनी केलं असं म्हणून सुटता येत नाही. ते येण्याआधीच त्स्वाना राज्यं बळकट होती. हरलेल्यांना, आश्रयाला आलेल्यांना आपल्यात सामावून घ्यायची त्यांची पद्धत होती. गावात त्यांचाही वाडा असायचा, पण प्रमुखाच्या चावडीपासून लांब. चावडीला ‘खोत्ला’ म्हणतात. लाकडी ओंडक्यांचं अर्धगोल कुंपण, एखादं जुनं झाड, लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. तिथे बोललेला प्रत्येक शब्द सुंदर असतो, अशी म्हण आहे, म्हणजे कुणालाही काहीही बोलायची मुभा. बोत्स्वानातली लोकशाही इथून उगवली असं अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्य आहे. फक्त जुन्या काळी तिथे बायका बोलत नसत आणि सार्वाही बोलत नसत. बायकांचं पुढे बदललं. २००२ साली बामालेटेंच्या प्रमुखपदी मोसाडी सेबोको आल्या, त्या दर्जाच्या पहिल्या स्त्री प्रमुख. मी गेले त्या वर्षी त्यांची चर्चा ताजी होती. स्टाफरूममधले पुरुष त्यावर विनोद करायचे आणि बायका त्या विनोदांना हसायच्या नाहीत.

हे सगळं सांगून झाल्यावरही सेरेत्से खामा यांच्याबद्दल मला आदर वाटतो, तो का हेही सांगायला हवं. हे पहिले राष्ट्राध्यक्ष बामांग्वातोंच्या राजघराण्यातले. १९४८ साली लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना वर्षानुवर्षं मायदेशाबाहेर ठेवलं. आपल्याच मुलखात येण्यासाठी त्यांना प्रमुखपदावरचा हक्क सोडावा लागला. १९६७ साली ओरापाला हिरे सापडले, ते त्यांच्याच जमातीच्या जमिनीत. त्याच वर्षी कायदा झाला आणि जमिनीखालची खनिजं जमातींकडून देशाकडे आली. त्यांनी इतर प्रमुखांनाही यासाठी राजी केलं. हे झालं नसतं तर आज बोत्स्वानात एक श्रीमंत जमात आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या बाकीच्या असं चित्र असतं. हिऱ्यांच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते सगळीकडे गेले, छोट्या जमातींच्या गावांतही. माझ्या शेजारच्या टेबलावरचे शिक्षक त्याच पैशावर विद्यापीठापर्यंत शिकले आणि तसं ते स्वतः सांगायचे.

शिवाय सीमेपलीकडे वर्णभेदी सरकार नेमकं जमातींचंच भांडवल करत होतं. प्रत्येक जमातीला तिची ‘मातृभूमी’ वाटून देऊन काळ्यांना देशातूनच वजा करण्याचा उद्योग चालला होता. एका बोफुथात्स्वानाच्या शेजारी राहणाऱ्या नव्या देशाने ‘आम्ही जमाती मोजणार नाही’ असं ठरवलं तर ते समजण्यासारखं आहे. आणि खरोखरच मोजल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत वंश विचारला जात नाही. भाषा विचारली गेली. २०११ साली घरी सेत्स्वाना बोलणारे ७७ टक्के निघाले, कालांगा बोलणारे ७ टक्क्यांच्या जरा वर, मग खालाखाडी, सार्वा, म्बुकुशू असे दोन-तीन टक्क्यांचे किंवा त्याहून लहान तुकडे. हे आकडे पाहून ‘बघा, एकच तर आहोत’ असं म्हणता येतं. पण दोन पिढ्या शाळेत फक्त सेत्स्वाना आणि इंग्रजी चालली की घरी काय बोललं जाणार?

कालांगा भाषा स्वातंत्र्याआधी ईशान्येच्या शाळांत शिकवली जायची. नंतर ती बंद झाली. तरी कालांगा टिकले. त्यांच्यात शिक्षण लवकर पोहोचलं, सरकारी नोकऱ्यांत ते पुष्कळ आहेत, फ्रान्सिसटाउनच्या बाजारात त्यांची भाषा मोठ्याने ऐकू येते. याचाच इतरांना राग. ‘दोन कालांगा भेटले की तिसऱ्यासमोर बिनदिक्कत कालांगात बोलतात’, ही तक्रार मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकली की मुंबईच्या लोकलमध्ये बसल्यासारखं वाटायचं. त्यांचा एक प्रमुख, जॉन न्स्वाझ्वी, याचं बामांग्वातोंचे कारभारी त्शेकेडी खामा यांच्याशी वर्षानुवर्षं भांडण चाललं. आमचा कर तुमच्या हातून कशाला, आम्ही थेट भरू, इथपासून सुरुवात. शेवटी १९४७ साली न्स्वाझ्वी आपली माणसं घेऊन सीमा ओलांडून ऱ्होडेशियात गेला आणि तिकडेच वारला. २००२ साली त्याच्या अस्थी परत आणून पुरल्या. म्हणजे ज्याला जिवंतपणी जागा मिळाली नाही तो मेल्यावर बेचाळीस वर्षांनी घरी आला.

एका सप्टेंबरच्या अखेरीस, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, इतिहासाच्या सरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला आपल्या गावी नेलं. ते वायेयी. गाव ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला, गुमारेजवळ. गाबोरोनेहून माउनपर्यंतच नऊशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, तिथून पुढे आणखी. वाटेत गुरांच्या रोगासाठी घातलेली कुंपणं लागतात. तिथे गाडीतून उतरून जंतुनाशकाने भिजलेल्या पायपुसण्यावर चपला बुडवायच्या, कच्चं मांस असेल तर ठेवून यायचं. गुरांच्या बाबतीत हा देश फार काटेकोर आहे.

माउनच्या पेट्रोलपंपावर हेरेरो बायका दिसल्या. भाजून काढणाऱ्या उन्हात पायघोळ, अनेक पदरी घागरे, पफच्या बाह्या आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखी दोन्हीकडे टोकं काढलेली कापडी टोपी. पोशाख एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मिशनरी बायकांचा, शिंगं त्यांची स्वतःची. १९०४ साली आजच्या नामिबियात जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरोंच्या संहाराचा हुकूम काढला. जे कालाहारीच्या वाळवंटातून जिवंत निघाले ते इकडे आले, त्यांच्यासोबत त्यांचा प्रमुख सॅम्युएल माहारेरोही. गुरांची माणसं गुरांशिवाय आली. तो १९२३ साली सेरोवेला वारला आणि त्याला पुरायला परत ओकाहांजाला नेलं. ज्यांनी मारलं त्यांचाच पोशाख या बायका का घालतात, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘आता तो त्यांचा आहे. तुमच्याकडे क्रिकेट आहे ना.’

गुमारेच्या पुढे एट्शा. तिथली गावं नावांऐवजी आकड्यांनी ओळखतात, एट्शा एकपासून एट्शा तेरापर्यंत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अंगोलातल्या युद्धातून हाम्बुकुशू लोक पळून आले. त्यांना वसवताना ज्याच्या-त्याच्या गटाप्रमाणे वस्त्या पाडल्या आणि त्यांना नंबर दिले. पन्नास वर्षं झाली, लोक अजून ‘मी सहाची’ म्हणून सांगतात. मोकोला नावाच्या ताडाच्या पात्यांच्या त्यांनी विणलेल्या टोपल्या आज बोत्स्वानाची ओळख म्हणून विमानतळावर विकल्या जातात. निर्वासितांची कला राष्ट्रीय व्हायला वेळ लागत नाही, निर्वासितांना लागतो.

सरांच्या आई पंचाहत्तरीच्या पुढच्या. अंगणात, ओकावांगोतल्या लव्हाळ्याच्या चटईवर बसून माशांची खवलं काढत होत्या. वायेयी पाण्याचे लोक. पर्यटकांना फिरवणारी ‘मोकोरो’ ही झाडाचं खोड कोरून केलेली होडी या प्रदेशात त्यांनीच रुळवली. मागून आलेल्या बातावानांनी त्यांना अंकित केलं, चाकरीला लावलं, ‘माकोबा’ म्हटलं. पुन्हा तोच ‘मा’.

म्हातारबाई मुलाशी शियेयीत बोलत होत्या. शियेयी बांटू भाषा, पण शेजारच्या खोइसान भाषांमधले ‘टिचके’ तिने भरपूर उचललेत. जीभ दातांमागे, टाळ्याला, गालाकडे चिकटवून सोडली की होणारे आवाज. तुम्हाला येत नाहीत असं समजू नका. हळहळ वाटली की आपण ‘च् च्’ करतो तो एक टिचका, गाडीवान बैलाला दामटताना गालातून काढतो तो दुसरा. आपण ते भाषेबाहेर ठेवले, त्यांनी शब्दात बसवले, एवढंच. मी गालातला टिचका काढून दाखवल्यावर म्हातारबाई खळखळून हसल्या आणि सरांना काहीतरी म्हणाल्या. ‘ती विचारते, तुमच्याकडे बैलांना आमची भाषा कशी येते?’

सरांची मुलं, एक कॉलेजात आणि एक शाळेत, आजीशी सेत्स्वानात बोलत होती. आजीही त्यांच्याशी सेत्स्वानातच बोलायची, जरा सावकाश, परक्या घरात वावरल्यासारखं. मुलाकडे वळली की आवाज बदलायचा. संध्याकाळी सर म्हणाले, मी शाळेत शियेयी बोललो म्हणून गुरुजींनी उन्हात उभं केलं होतं. माझ्या मुलांना उभं राहावं लागू नये म्हणून मी त्यांना शिकवलीच नाही. त्यांना कुणी उभं केलं नसतं कदाचित. पण मला कसं कळणार?

मला काय बोलावं ते सुचलं नाही. मी धुळे जिल्ह्यातली. माझ्या आजीच्या तोंडी ‘आहे’ हा शब्द कधी नव्हता, ‘शे’ होतं. आईने आमच्याशी मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचं ठरवलं, कारण पुण्यात शिकायला गेल्यावर हसं होऊ नये. अहिराणी मला समजते, बोलायला गेले की पाहुणीसारखी बोलते. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुमच्यातल्या किती लोकांना उन्हात उभं केलं?’ नेमका आकडा हवा असल्यासारखं विचारलं.

वायेयींनी १९९५ साली कामानाकाओ ही संस्था काढली. तिच्यामागे विद्यापीठातल्या प्राध्यापक लिडिया न्याती-रामाहोबो होत्या. आपला प्रमुख आपण निवडू, तो सभागृहात बसेल, एवढीच मागणी. सरकारने २००० साली बालोपी आयोग नेमला. त्याने गावोगावच्या चावड्यांत लोकांना बोलतं केलं आणि चाळीस वर्षं न बोललेलं सगळं बाहेर आलं. मोठ्या जमातींतले काहीजण हादरले. ‘आपण भांडण नसलेला देश होतो, तुम्ही भांडण काढलंत’, असं वर्तमानपत्रांतून लिहू लागले. २००१ च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने निकाल दिला की प्रमुखांविषयीचा कायदा वायेयींना समान वागणूक देत नाही, तो दुरुस्त करा. घटनेतली आठ नावं मात्र घटनेतच असल्यामुळे कोर्टाला खोडता आली नाहीत. ती २००५ च्या दुरुस्तीने गेली. सभागृहाला ‘न्त्लो या डिखोसी’ हे सेत्स्वाना नाव मिळालं, सदस्य पंधरावरून पस्तिशीच्या घरात गेले. सर म्हणाले, नावं खोडली, खुर्च्या तिथेच आहेत. जमातीऐवजी आता प्रदेश लिहिलेत आणि त्या प्रदेशांवर बसणारे तेच आठ.

पण या सगळ्या खुर्च्यांच्या वादात ज्यांना उभं राहायलाही जागा नव्हती ते बासार्वा. एके काळी त्यांच्यापैकी अनेकजण त्स्वाना घरांत पिढीजात चाकर होते, गुरांसारखे वारसाहक्काने मिळणारे. बेसी हेड ही दक्षिण आफ्रिकेतून सेरोवेला आलेली लेखिका, तिची ‘मारू’ ही १९७१ सालची कादंबरी याच विषयावर आहे. गावात एक नवी शिक्षिका येते, सगळे तिला मिश्रवंशीय समजतात, आणि ती सरळ सांगते की मी मासार्वा आहे. कादंबरीत त्यावरून गाव हादरतं. मी ती वाचून शाळेत एका तरुण शिक्षिकेला वाचायला दिली. तिने परत देताना म्हटलं, ‘आता असं कुणी करत नाही.’ काय करत नाही, चाकर ठेवत नाही की सरळ सांगत नाही, ते तिने सांगितलं नाही.

जमाती मोजायच्या नाहीत असं ठरवलेल्या सरकारला या लोकांसाठी योजना तर आखायच्या होत्या. मग त्यांना नाव दिलं ‘दुर्गम भागातले रहिवासी’. कशापासून दुर्गम? ते तर तिथेच होते. मध्य कालाहारीचं अभयारण्य १९६१ साली झालं तेव्हा त्यात प्राण्यांबरोबर या माणसांचंही राहणं धरलेलं होतं. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना बाहेर वसवलं, आतलं पाणी बंद केलं. शाळा, दवाखाना, विकास जंगलात कसा नेणार, हा सरकारचा युक्तिवाद. तो नुसता दुष्टपणा नव्हता, असं मला वाटतं. ज्याने स्वतः एका पिढीत झोपडीतून विद्यापीठ गाठलं त्या अधिकाऱ्याला हे खरंच वाटत असणार, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणं कठीण. १३ डिसेंबर २००६ रोजी हायकोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला की त्यांना काढणं बेकायदा होतं. त्या दोघांतल्या एक न्यायाधीश युनिटी डाओ. पिण्याच्या पाण्यासाठी त्यांना पुन्हा कोर्टात जावं लागलं, तो निकाल २०११ मध्ये अपील कोर्टात त्यांच्या बाजूने लागला. त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांपैकी एक, डुमा बोको, २०२४ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्या लोकांबद्दलही दोन शब्द. गुजराती मुस्लिम व्यापारी इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. लोबात्से, रामोत्स्वा, मोलेपोलोले अशा गावांत त्यांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यांच्यातले कित्येक माझ्या शिक्षकमित्रांपेक्षा अस्सल सेत्स्वाना बोलतात. नंतर आलो ते आम्ही कंत्राटावरचे शिक्षक, हिशेबनीस, डॉक्टर, आणि हिऱ्यांना पैलू पाडायचे कारखाने निघाल्यावर सुरतकडचे. बाहेरून सगळे ‘माइंडिया’. आतून मल्याळी वेगळे, तेलुगू वेगळे, गुजरातींत पुन्हा धर्म आणि जाती, आणि आम्ही मराठी पंधरा-वीस घरं, त्यांतही गणपतीच्या आरतीला कोण पुढे उभं राहणार यावरून दोन तट. वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मॅडम, तुम्ही घरी इंडियन बोलता का?’ मी भारतातल्या भाषा फळ्यावर लिहायला घेतल्या. फळा भरत आला तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘मग तुमच्यात मोठ्या जमाती कोणत्या?’ त्या वर्गाला तरी ही वर्गवारी कुणी समजावून सांगावी लागत नव्हती.

सरांनीही मला एकदा विचारलं होतं, ओ बिना एंग? माझ्या माहेरचं देवक पंचपल्लव, पाच झाडांची पानं. झाड नाचणारं कुळ त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बराच विचार करून म्हणाले, ‘तुम्हाला जेवायला अडचण येत नसेल.’

मी परत आले त्याला बरीच वर्षं झाली. २०१६ साली सरकारने वायेयींना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा सरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त एक आकडा आला, ‘९’. अलीकडे तिथे सुरुवातीच्या वर्गांत मातृभाषा आणायचं धोरण झालं आहे, शियेयीही त्यात आहे. सर आता निवृत्त आहेत. आई गेल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ते शब्द गोळा करतात, माशांच्या जाती, लव्हाळ्याचे प्रकार, होडीच्या भागांची नावं, आणि आवाजाचे छोटे तुकडे करून मुलीला पाठवतात. तिला आता स्वतःच्या मुलासाठी ते हवे आहेत. कधी मलाही पाठवतात, बैलांच्या भाषेची जाणकार म्हणून.

परवा आलेला शब्द कसल्याशा माशाचा होता. मी तो देवनागरीत लिहून ठेवायला बसले. सुरुवातीचा ‘शि’ लिहिला, शेवटचा ‘वा’ लिहिला. मधल्या टिचक्यासाठी आधी ‘ट्ट’ लिहिलं, मग ‘च्क’, मग दोन्ही खोडलं आणि सरांना विचारलं की तुम्ही हा कसा लिहिता. ते म्हणाले, त्यावरच सध्या आमच्याकडे तीन मतं आहेत.